एसटीच्या वाटेवरची चार बंदरे

भिवंडीचे नाव निघाले, की यंत्रमागांचा खडखडाट कानांत घुमू लागतो आणि गोदामांपुढे ताटकळणाऱ्या ट्रकांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. समुद्राची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः हे गाव शतकानुशतके बंदर म्हणूनच ओळखले जात होते. गावाजवळून वाहणारी कामवारी नदी खाडीला मिळते. ती खाडी उल्हास नदीचे पाणी घेऊन पश्चिमेकडे जाते आणि वसईच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्रात विलीन होते. भरतीबरोबर आत यावे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावे, असा या वाटेवरील गलबतांचा शिरस्ता होता.

आज ती गलबते राहिली नाहीत. खाडीच्या उत्तर अंगाने जाणारा एक रस्ता मात्र आहे आणि त्या रस्त्यावरून राज्य परिवहन महामंडळाची बस धावते. सकाळी भिवंडीच्या स्थानकातून निघालेला प्रवासी वसई, सोपारे आणि अर्नाळा ही तीन जुनी बंदरे पाहून रात्री घरी परतू शकतो. निघण्याचे ठिकाण हे चौथे बंदर. या प्रवासाला स्वतःचे वाहन लागत नाही. लागते ते थोडे नियोजन, पायी चालण्याची तयारी आणि वेळेवर येणारी बस. यांतील शेवटच्या गोष्टीची शाश्वती कमी होत चालली आहे, म्हणूनच या वाटेची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

बंदर गेले, ‘रोड’ आला

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठिकाणे आदिलशाहीकडून घेतली. डोंगरी मुलखातील सत्तेचा खाडीशी, पर्यायाने समुद्राशी संबंध आला तो येथे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, शिवाजी महाराज भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधीत असल्याची खबर पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारात आढळते. पोर्तुगीजांची चिंता रास्त होती. या जहाजांना समुद्रावर जायचे तर वसईच्या किल्ल्याखालून जाणाऱ्या खाडीतूनच बाहेर पडावे लागणार होते. मराठी आरमाराच्या जन्मकथेत भिवंडीला स्थान आहे ते असे.

मग हे बंदर गेले कोठे? त्याचे उत्तर खाडीच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात नद्या सह्याद्रीवरून माती आणतात आणि भरतीचे पाणी समुद्राकडचा गाळ आत ढकलते. दोहोंच्या झटापटीत खाडीच्या वरच्या टोकाला पाणी संथ होते व गाळ तेथेच बसतो. जहाजे लहान असेतोवर हा गाळ अडचणीचा ठरत नव्हता. जहाजांचा आकार वाढला, त्यांना खोल पाणी लागू लागले आणि मुंबईसारखे नैसर्गिक बंदर जवळच विकसित झाले, तेव्हा खाडीच्या पोटातील सगळीच बंदरे मागे पडली.

उरलेले काम रेल्वेने केले. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. भिवंडी त्या मार्गावर नव्हती. वसईची स्थिती थोडी बरी, परंतु तेथेही १८६४ साली मुंबईशी जोडल्या गेलेल्या पश्चिमेकडील लोहमार्गाचे स्थानक गावापासून आणि किल्ल्यापासून कित्येक किलोमीटर दूर राहिले. रेल्वेच्या परिभाषेत अशा स्थानकाच्या नावाला ‘रोड’ हा शब्द जोडतात. गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो, असा त्याचा अर्थ. वसईचे स्थानक ‘वसई रोड’ झाले आणि पुढे दिवा ते वसई लोहमार्गावर भिवंडीच्या वाट्याला जे स्थानक आले, तेही ‘भिवंडी रोड’च. दोन जुनी बंदरे, दोहोंच्या कपाळी ‘रोड’. त्या दोन ‘रोड’ना अर्थ देणारे वाहन म्हणजे बस.

अंजूरफाट्यापासून चिंचोटीपर्यंत

भिवंडीहून वसईकडे जाणारी बस शहराची गर्दी मागे टाकून अंजूरफाट्यावर येते. तिकीट काढताना अनेकांच्या तोंडी असणारे हे नाव ज्या अंजूर गावावरून पडले, त्याचा या प्रवासाच्या पुढच्या टप्प्याशी जवळचा संबंध आहे. अंजूरचे नाईक घराणे हे पोर्तुगीज अमलाला कंटाळलेल्या या मुलखातील वजनदार घराणे. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी साष्टी आणि वसई प्रांत सोडविण्यासाठी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खटपट केली. खाडीच्या वाटा, पाण्याची खोली, भरतीच्या वेळा, कोणता बुरूज कच्चा आणि कोणता पक्का, ही माहिती येथल्या माणसांजवळ होती. १७३७ साली मोहीम सुरू झाली, तेव्हा हीच माहिती उपयोगी पडली. नाईकांचा वाडा अंजूर गावात अद्याप उभा आहे.

फाट्यानंतर रस्ता पश्चिमेला वळतो. खारबाव येते, मग कामण. डाव्या हाताला खाडीकाठची खाजणे आणि भातखाचरे, उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर. कामणच्या मागे कामणदुर्ग दिसतो. पोर्तुगीज आणि मराठे या दोघांच्याही नजरा खाडीवर का खिळलेल्या होत्या, हे या पट्ट्यात बसच्या खिडकीतून सहज कळते. डोंगर आणि खाडी यांच्या मधली जमीन इतकी अरुंद आहे, की घाटावरून उतरणारा माल याच चिंचोळ्या पट्टीतून समुद्राकडे जाणार.

आजही माल येथूनच जातो, दिशा तेवढी बदलली आहे. न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरात उतरलेला माल कंटेनरमधून भिवंडी तालुक्यातील गोदामांत येतो आणि तेथून गुजरातेकडे व उत्तरेकडे रवाना होतो. गलबतांनी सोडून दिलेले गाव ट्रकांनी पुन्हा व्यापाराला जोडले. त्याची किंमत हा रस्ता मोजतो. अंजूरफाटा, कामण आणि चिंचोटी यांना जोडणारा हा मार्ग अवजड वाहतुकीमुळे आणि खड्ड्यांमुळे कुप्रसिद्ध आहे. चाळीस किलोमीटरच्या आतबाहेरचे हे अंतर पावसाळ्यात किती वेळ घेईल, हे अनुभवी चालकही छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून सकाळची पहिली किंवा दुसरी बस पकडणे हे शहाणपणाचे. चिंचोटीला मुंबई ते अहमदाबाद महामार्ग लागतो आणि तेथून बस वसईकडे वळते.

वसई: दोनशे पाच वर्षांचा किल्ला

वसई रोड स्थानकापासून वसई गावापर्यंत आणि गावातून किल्ल्यापर्यंत पुन्हा बसच लागते. वाटेत पापडीसारखी गावे, केळीच्या बागा आणि चर्चचे पांढरे मनोरे दिसू लागतात. शेजारच्या बाकावरील बोलणे कानी पडले, तर ते नेहमीचे मराठी नव्हे, असे लक्षात येते. ते कादोडी किंवा वाडवळी असते. वसईची बोली, पेहराव, पक्वान्ने आणि देवघरे यांत गुजरात, कोकण आणि पोर्तुगाल यांची सरमिसळ झालेली आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांनी तेथे किल्ला तर बांधलाच, पण किल्ल्याच्या आत एक संपूर्ण नगर वसविले. चर्च, मठ, रुग्णालय, उमरावांचे वाडे आणि जहाजबांधणी यांमुळे ते ‘उत्तरेकडील प्रांता’चे मुख्य ठाणे बनले. दोनशे पाच वर्षांनंतर, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्याने ते जिंकले. वेढा दीर्घकाळ चालला, सुरुंग लावून तट उडविण्यात आला, दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने कामी आली. शरणागतीनंतर पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाण्याची मुभा देण्यात आली. चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील आणि वाईजवळच्या मेणवलीतील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच होत. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी सत्तेच्या उतरणीला निर्णायक वळण मिळाले.

बसमधून उतरल्यावर हे सारे पायी पाहता येते. जमिनीकडील दरवाजातून आत शिरावे, सेंट जोसेफच्या चर्चचा छप्पर हरवलेला मनोरा, फ्रान्सिस्कन मठातील कोरीव थडग्यांचे दगड, नागेश्वराचे मंदिर व चिमाजी अप्पांचे स्मारक पाहत समुद्राकडील दरवाजापर्यंत जावे. तेथून थेट खाडीचे मुख दिसते. पलीकडच्या तीरावर भाईंदर. डावीकडे, आत, घोडबंदर. आणि त्याही आत, दृष्टिआड, ठाणे, भिवंडी आणि कल्याण. सकाळी खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी दिसलेली खाडी येथे प्रथमच एकसंध समजते. या दरवाजावर ज्याचा पहारा, त्याची भिवंडी, हे सूत्र सांगायला मग इतिहासकाराची गरज पडत नाही.

किल्ल्याला लागून पाचूबंदर आणि किल्लाबंदर या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. वाळत घातलेले बोंबील, दुरुस्तीला काढलेल्या होड्या आणि जाळी विणणारे हात पाहिले, की ‘बंदर’ हा शब्द येथे केवळ नावापुरता उरलेला नाही, याची खात्री पटते.

सोपारे: मातीखालचे बंदर

वसईहून उत्तरेकडे, किनाऱ्याला धरून, भुईगाव आणि निर्मळ या गावांवरून बसमार्ग जातो. एके काळी हा सारा भाग बेट होता. वसईची खाडी आणि वैतरणा नदी यांना जोडणारी सोपाऱ्याची खाडी त्याला मुख्य भूमीपासून वेगळे करीत असे. ती खाडी गाळाने भरली आणि बेट जमिनीला चिकटले. निर्मळ येथे शंकराचार्यांची समाधी मानली जाते. कार्तिकातील तेथील यात्रेला आसपासच्या गावांतून सर्व धर्मांचे लोक लोटतात.

निर्मळहून नालासोपारा जवळच. उपनगरी गाडीतील गर्दीमुळे ठाऊक असलेले हे नाव अडीच हजार वर्षांच्या इतिहासातून आलेले आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. प्राचीन शूर्पारक ते हेच. पश्चिमेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापाराची नोंद करणाऱ्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपाऱ्याचे नाव कल्याणच्या जोडीने येते. बौद्ध परंपरेत पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा सोपाऱ्याशी जोडलेली आहे. बुद्धाचा शिष्य होऊन त्याने हा धर्म या किनाऱ्यावर आणला, असे ती सांगते.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यातील दगडी करंडकात तांबे, रुपे, स्फटिक, सोने अशा एकात एक बसविलेल्या डब्या होत्या. सर्वांत आत, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे. सोबत बुद्धाच्या लहान धातुमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे नाणे. याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. म्हणजे ज्या भुईगावावरून बस सहज पुढे निघून जाते, तेथे मौर्य सम्राटाची आज्ञा दगडावर कोरलेली होती. मुंबईत समुद्रात भराव टाकण्याच्या कितीतरी शतके आधी हा किनारा जगाला ठाऊक होता.

स्तूपाच्या आवारात आज गजबज नसते. बौद्ध पौर्णिमेसारखे दिवस सोडले, तर चार-दोन उपासक आणि शाळेची एखादी सहल एवढीच वर्दळ. जवळच चक्रेश्वराचे तळे व मंदिर आहे आणि परिसरात सापडलेली जुनी शिल्पे तेथे मांडून ठेवली आहेत. तासाभराचा मुक्काम पुरतो. मात्र या ठिकाणी एक गोष्ट जरूर करावी. टेकडीवरून चहूबाजूंना पाहून समुद्र कोठे दिसतो का, ते शोधावे. तो दिसत नाही. दिसतात त्या इमारती. भिवंडीच्या बंदराचे जे झाले, तेच सोपाऱ्याचे त्याआधी कित्येक शतके झाले होते.

अर्नाळा: भरती-ओहोटीचे घड्याळ

दुपारनंतर अर्नाळ्याची बस धरावी. वाटेत आगाशी लागते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात बांधलेली सुकेळी ही या गावाची ख्याती. हे काम कष्टाचे असल्याने ते करणारी घरे कमी होत चालली आहेत. मिळाली तर आवर्जून घ्यावीत.

अर्नाळ्याला एसटीचे आगार आहे. रस्ता तेथे संपतो आणि पुढे वाळू. समोर, वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याचा जलदुर्ग दिसतो. गुजरातच्या सुलतानांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे बांधकाम केले, मग पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात त्याची नव्याने उभारणी झाली. त्याची साक्ष देणारा शिलालेख दरवाजावर आहे. दोन्ही बाजूंना वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे; देवळे आहेत, दर्गा आहे आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या जागी गोडे पाणीही आहे. भारतीय नौदलाने जून २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे ताफ्यात घेतलेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला ‘अर्नाळा’ हे नाव दिले, ते याच किल्ल्यावरून.

बेटावर होडीनेच जावे लागते आणि होडीचे वेळापत्रक समुद्राच्या हाती असते. म्हणून येथे येणाऱ्याने भरती-ओहोटीचा हिशेब जाणून घेणे इष्ट. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यासाठी एक सोपा आडाखा बांधला आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. हीच वेळ दिवसा आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास येते ती उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपासची ती भांगाची. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीला दूर जाते.

हा हिशेब केवळ होडीपुरता नाही. वसई ते अर्नाळा या पट्ट्यातील रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी आणि अर्नाळा या किनाऱ्यांवर दरवर्षी पर्यटक बुडून मरतात. वाळू सपाट दिसते, परंतु मध्येच खोलगट जागा असतात. भरती चढू लागली, की त्या प्रथम भरतात आणि पाण्यात पुढे गेलेल्या माणसाची परतीची वाट बंद होते. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. समुद्राची सवय नसलेल्या गावाहून आलेल्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते.

कापडगावे आणि ब्लॅकपूल

अशा एका दिवसाच्या सहलीचे महत्त्व कळण्यासाठी दूरचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील लँकेशायर हा एकोणिसाव्या शतकात जगातील सर्वांत मोठा कापडनिर्मितीचा प्रदेश होता. ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न ही तिथली भिवंडी, इचलकरंजी. या गावांत ‘वेक्स’ नावाचा जुना जत्रेचा आठवडा पाळला जाई. कारखानदारांनी तो मोडून पाहिला, परंतु कामगार त्या दिवसांत कामावर येतच नसत. अखेर तो आठवडाभर गिरण्या बंद ठेवण्याचा पायंडा पडला. १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे पोहोचली आणि गावेच्या गावे समुद्राकडे लोटू लागली. कामगार वर्षभर पै-पै साठवून ठेवीत, कारण सुट्टीचा पगार नसे. भरपगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्याने ब्लॅकपूलचा किनारा संपूर्ण उन्हाळा गजबजलेला राही. तेथील धक्के, मनोरा, करमणुकीची ठिकाणे ही सारी या कामगारांच्या शिलकीवर उभी राहिली.

पुढे मोटारबस आली आणि रेल्वे न पोहोचलेली किनारी गावेही आवाक्यात आली. १९६०च्या दशकात अनेक लहान लोहमार्ग बंद करण्यात आले. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील स्कारबरो आणि व्हिटबी यांना जोडणारा मार्ग १९६५ मध्ये बंद झाला. आज तेथे बस धावते. बसने एका दिवसात दोन-तीन किनारी गावे पाहणे हा तेथील अनेक सेवानिवृत्तांचा आवडता छंद आहे. त्यामागे धोरण आहे. इंग्लंडमध्ये २००८ पासून ज्येष्ठांना देशभरात स्थानिक बसचा विनामूल्य प्रवास मिळतो. जानेवारी २०२३ पासून बहुतेक बसमार्गांवर एका वेळचे भाडे दोन पौंडांपर्यंत मर्यादित करण्यात आले आणि जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा तीन पौंड झाली.

भिवंडीची तुलना लँकेशायरशी करणे अप्रस्तुत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणापासून आलेले कामगार येथे बारा-बारा तास मागांपुढे उभे असतात. कापडाची गावे दोन्हीकडे आहेत, समुद्रही दोन्हीकडे जवळ आहे. लँकेशायरच्या विणकराला सुट्टीचा आठवडा आणि स्वस्त गाडी मिळाली. भिवंडीच्या विणकराला वेगळा आठवडा नाही. त्याच्याकडे आठवड्यातील एक सुट्टी आहे आणि स्थानकावरची बस.

फेऱ्यांचे गणित

ही बस टिकेल का, हा म्हणूनच कळीचा प्रश्न. एसटीचा जन्म १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या फेरीने झाला. फायद्याच्या मार्गावरील उत्पन्नातून तोट्याच्या मार्गावरील बस चालवायची, हे तिचे आरंभापासूनचे तत्त्व. एखाद्या फेरीचे भारमान, म्हणजे आसनांच्या तुलनेत प्रवाशांचे प्रमाण, सातत्याने कमी राहिले, की ती फेरी कमी करण्याचा विचार सुरू होतो. फेरी कमी झाली, की प्रवाशांचा भरवसा उडतो, ते रिक्षा किंवा खासगी वाहन शोधतात आणि भारमान आणखी घसरते. हे चक्र एकदा सुरू झाले, की थांबवणे अवघड असते.

वसई परिसरात त्यात आणखी एक गुंता आहे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली आणि २०१२ मध्ये तिने स्वतःची परिवहन सेवा सुरू केली. शहरी वाहतूक हे महापालिकेचे काम, ही एसटीची भूमिका आणि गावोगावच्या फेऱ्यांची जुनी सवय, यांत ओढाताण झाली. एसटीने आपल्या शहरी फेऱ्या आटोपत्या घेतल्या, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतील विद्यार्थी, भाजी आणि मासळी घेऊन जाणाऱ्या स्त्रिया यांची गैरसोय झाली. त्यानंतर कोरोनाचा काळ आला आणि पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. या काळात प्रवाशांच्या सवयी बदलल्या. त्या पूर्ववत करणे सोपे नाही.

दुसऱ्या बाजूला सवलतींनी काही प्रवासी परत आणले आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना शहरी फेऱ्या वगळून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब यामुळे बदलतो. मात्र एकाच दिवसात एसटी आणि महापालिका अशा दोन्ही बसमधून फिरणाऱ्याला प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट घ्यावे लागते. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांसाठी असतो. भिवंडी ते अर्नाळा अशा पट्ट्यासाठी दोन्ही सेवांमध्ये चालणारा एका दिवसाचा पास निघाला, तर भारमान वाढविण्याचा तो एक साधा उपाय ठरू शकेल.

जलमार्गाकडेही पुन्हा लक्ष जात आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण, ठाणे आणि मुंबई यांना वसईची खाडी व उल्हास नदीमार्गे जोडणारी वाट ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ म्हणून घोषित झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान वाहने नेणारी बोटही सुरू झाली. ज्या खाडीने भिवंडीला बंदर केले, तिच्यातून पुन्हा प्रवासी जाऊ लागले, तर आनंदच आहे. तूर्त मात्र भिवंडीच्या माणसाचा समुद्राकडे जाणारा खात्रीचा मार्ग रस्त्यावरूनच जातो.

निघण्यापूर्वी

दिवसाची आखणी सोपी आहे. पहाटेची बस, सकाळी वसईचा किल्ला, दुपारच्या आत निर्मळ आणि सोपारे, तिसऱ्या प्रहरी आगाशी-अर्नाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी, टोपी आणि सुट्टे पैसे जवळ असावेत. किल्ल्यात आणि स्तूपाच्या आवारात सावली व खाण्याची सोय कमी असल्याने शिदोरी बरोबर घ्यावी. बसच्या वेळा बदलत असतात. त्या प्रत्येक स्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्याव्यात. सर्वांत महत्त्वाचे, अर्नाळ्याला उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी. ती चुकली, तर विरार स्थानक गाठून, लोकलने वसई रोडला येऊन तेथून भिवंडीचे साधन शोधावे लागते.

सूर्यास्त अर्नाळ्याच्या वाळूवर पाहण्यासारखा असतो. पण शेवटची गाडी सूर्यासाठी थांबत नाही. हातात सुकेळीचा पुडा आणि चपलांत वाळू घेऊन प्रवासी आगाराकडे वळतात, तेव्हा फलाटावर कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या असतात, विद्यार्थी असतात, दिवसभराची पाळी संपवून घरी निघालेले कामगार असतात. सहलीला आलेल्या कुटुंबाला ही गाडी वर्षातून एकदा लागते. या माणसांना ती रोज लागते. त्यांच्यासाठी ती धावत राहिली, तरच भिवंडीच्या मुलांना समुद्र दिसेल.